कराची ते क्रॉयडन : १९३० च्या वसंतातील एक हवाई शर्यत आणि जुहूचे मैदान

अंधेरीहून जुहूकडे जाताना डाव्या हाताला एक लांबलचक मोकळी जागा लागते. भोवती उंच इमारती दाटल्या आहेत आणि मधे एक धावपट्टी निवांत पडलेली आहे. दिवसभर तेथून हेलिकॉप्टरे उठतात. समुद्रातील तेलविहिरींकडे जातात आणि परततात. उपनगरातील बहुतेकांना हा विमानतळ ठाऊक असतो तो इमारतींच्या उंचीवर मर्यादा आणणारी एक अडचण म्हणून. आजचा थ्रेड त्या जागेविषयी, आणि १९३० च्या एप्रिल-मे महिन्यांत तीन भारतीय तरुणांनी खेळलेल्या एका विलक्षण शर्यतीविषयी आहे. थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.

आरंभीच एक खुलासा. मुंबई आणि विमान हे शब्द एकत्र आले की कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतो आणि १८९५ साली चौपाटीवर उडालेल्या विमानाची गोष्ट सांगू लागतो. त्या उड्डाणाला समकालीन, विश्वासार्ह असा पुरावा नाही. दंतकथेशी माझे वैर नाही. पण जिथे खरा, कागदोपत्री नोंदलेला इतिहास इतका रसाळ आहे तिथे आपण दंतकथेपाशीच का थांबावे, हे मला उमगत नाही.

तर मग जुहू. १९२८ साली येथे विमानतळ सुरू झाला तेव्हा हा भाग मुंबई शहरात नव्हताच. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९२० मध्ये झाला होता, आणि अंधेरी, विलेपार्ले, घाटकोपर ही गावे शहराच्या हद्दीत यायला १९५० उजाडायचे होते. बोरिवली आणि मुलुंड तर त्याहूनही उशिरा, १९५७ मध्ये आली. साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यावरील ही सखल, खारी जमीन. पावसाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात कडक. शेतीला फारशी उपयोगाची नव्हती म्हणूनच ती विमानांच्या वाट्याला आली असावी.

येथेच ‘बॉम्बे फ्लाइंग क्लब’ उभा राहिला. या क्लबात नाव नोंदवणाऱ्यांत एक चोवीस वर्षांचा तरुण होता : जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. त्याचे बालपण बरेचसे फ्रान्समध्ये गेले. तेथे आर्देलो नावाच्या समुद्रकाठच्या गावी टाटा कुटुंबाच्या शेजारी लुई ब्लेरिओचे घर होते. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारा ब्लेरिओ तोच. तेव्हापासून विमानाचे वेड या मुलाच्या डोक्यात शिरले ते कायमचे. जुहूला शिक्षकासोबत चार तासांहूनही कमी उड्डाण केल्यावर त्याने एकट्याने विमान आकाशात नेले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना त्याच्या हाती पडला. त्याच वर्षी त्याने फ्रेंच नागरिकत्व सोडले. हा तपशील लक्षात ठेवा. पुढच्या शर्यतीत ‘भारतीय’ या शब्दाला महत्त्व आहे.

जगात त्या काळी हवाई शर्यतींचा ज्वर चढला होता. इंग्लंडमध्ये १९२२ पासून ‘किंग्ज कप’ दरवर्षी होत असे. समुद्रविमानांसाठीचा ‘श्नायडर करंडक’ तर राष्ट्राराष्ट्रांतील प्रतिष्ठेचे युद्धच होता. सप्टेंबर १९२९ मध्ये इंग्लंडच्या सोलेंट सामुद्रधुनीवर झालेल्या स्पर्धेत विजेत्याने ताशी ५२८ किलोमीटरचा वेग गाठला. अशा शर्यतींमागे सरकारे, कारखाने आणि नौदले उभी असत. पारतंत्र्यातील देशाला त्या मंडपात जागा कुठली?

ही जागा एका अनपेक्षित माणसाने निर्माण केली. तिसरे आगाखान सर सुलतान महंमद शाह यांनी १९२९ च्या नोव्हेंबरात ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास विमानातून एकट्याने पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळणार होते, आणि निघाल्यापासून एका महिन्याच्या आत पोहोचणे ही अट होती. आगाखानांना शर्यतींचा शौक जुनाच. त्यांच्या तबेल्यातील घोडे इंग्लंडच्या मैदानांवर धावत, आणि याच १९३० च्या जूनमध्ये त्यांच्या ‘ब्लेनहाइम’ घोड्याने डर्बी जिंकली. एका वर्षात त्यांनी घोड्यांची आणि विमानांची अशा दोन शर्यती रंगवल्या म्हणायच्या!

अटीतील बारकावा येथे समजून घ्यायला हवा, कारण पुढची सारी गंमत त्यात आहे. ही वेगाची शर्यत नव्हती, अग्रक्रमाची होती. कोण किती दिवसांत पोहोचला याला महत्त्व नाही. दिनदर्शिकेवर जो आधी पोहोचेल तो जिंकला. शिवाय दिशा कोणतीही चालणार होती. त्यामुळे दोन स्पर्धक एकाच मार्गावर परस्परविरुद्ध दिशांनी उडत असतील आणि वाटेत एकमेकांना भेटतील, अशी अजब शक्यता या नियमातच दडलेली होती.

मार्ग तरी कसा होता? ‘इम्पीरियल एअरवेज’ने ३० मार्च १९२९ पासून लंडन ते कराची अशी टपाल व प्रवासी सेवा सुरू केली होती. तिच्यामुळे इराणचा किनारा, इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त या टप्प्यांवर विमानतळ आणि इंधन यांची सोय झाली होती. सर्व स्पर्धकांनी निवडलेले विमान ‘जिप्सी मॉथ’ होते : लाकडी सांगाडा, वर कापड, पंखांच्या दोन जोड्या, उघडी बैठक आणि साधारण शंभर अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे श्नायडर करंडकाच्या विमानाच्या पावपट, आणि वारा समोरून आला तर त्याहूनही कमी. रेडिओ नाही. होकायंत्र, मांडीवरचा नकाशा आणि खाली दिसणारा समुद्रकिनारा किंवा रेल्वेचा रूळ, एवढेच मार्गदर्शक. रोज संध्याकाळी उतरल्यावर इंजिनाची साफसफाई आणि तपासणी वैमानिकानेच करायची.

पहिला स्पर्धक रावळपिंडीचा मनमोहन सिंग. इंग्लंडमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी आणि उड्डाण, दोन्ही शिकलेला. आपल्या विमानाला त्याने ‘मिस इंडिया’ हे नाव दिले आणि १९३० च्या जानेवारीत क्रॉयडनहून प्रयाण केले. युरोपातील हिवाळी धुक्याने त्याला परत फिरवले. त्यावर एका इंग्रज विमानविषयक नियतकालिकाच्या संपादकाने ‘मिस’ या शब्दावर कोटी केली : विमानाचे नाव ‘मिस इंडिया’ आहे, आणि हा गृहस्थ खरोखरच ‘इंडिया’ला चुकवील असे दिसते! कोटी म्हणून ती चांगली आहे, हे मान्य करावे लागते. पण ती वाचताना, भारतीय माणूस विमान चालवतो याच गोष्टीकडे त्या काळचा इंग्रज कोणत्या नजरेने पाहत होता, तेही दिसते. सिंग मात्र खचला नाही. वसंतात तो पुन्हा निघाला.

दुसरा स्पर्धक एस्पी मेरवान इंजिनिअर. जन्म १५ डिसेंबर १९१२. म्हणजे या वेळी वय पुरते साडेसतराही नाही. कराचीतील पारशी कुटुंबातील हा मुलगा. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला यांच्यासोबत कराचीहून निघून त्याने मॉथ विमानातूनच इंग्लंड गाठले होते. भारतातून इंग्लंडला विमान घेऊन जाणारे ते पहिले भारतीय. पण ते दोघे होते, आणि आगाखान पारितोषिकाची अट एकट्याची! तेव्हा एस्पीने परतीचा प्रवास एकट्याने करायचे ठरवले आणि २५ एप्रिल रोजी क्रॉयडन सोडले. ज्या वयात आपण बारावीच्या निकालाची वाट पाहत असतो त्या वयात हा मुलगा अर्ध्या जगावरून एकट्याने विमान आणत होता.

तिसरे जे. आर. डी. टाटा. वय पंचवीस. ते उलट दिशेने, ३ मे रोजी कराचीहून निघाले.

त्या दिवसांत देशात काय चालले होते? महात्मा गांधींनी ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलले होते, आणि मुंबईच्या उपनगरांत मिठाच्या सत्याग्रहाचे केंद्र होते विलेपार्ल्याची छावणी. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला हे तिचे नेते. जुहूच्या किनाऱ्यावर सत्याग्रही समुद्राचे पाणी आटवत होते, आणि तेथून हाकेच्या अंतरावर फ्लाइंग क्लबची विमाने उडत होती. जे. आर. डी. कराचीहून निघाल्याला दोन रात्रीही झाल्या नव्हत्या तोच ४ मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी गावी गांधीजींना अटक झाली. एकाच उपनगराच्या मातीत उमटलेल्या या दोन पाऊलवाटा इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका पानावर येत नाहीत. पण त्या एकाच वाळूत उमटल्या होत्या.

याच आठवड्यात त्याच आकाशात आणखी एक जण होती. ५ मे रोजी एमी जॉन्सन ही इंग्रज तरुणी क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली होती, तीही जिप्सी मॉथमधूनच. तिचा मार्ग व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद असा अधिक उत्तरेकडून होता. १० मे रोजी ती कराचीला उतरली. जगाच्या वृत्तपत्रांचे मथळे तिने व्यापले, आणि ते योग्यच होते. तिचे धाडस असामान्य होते. पण त्यामुळे आपल्या तिघांची गोष्ट परदेशी वाचकांच्या दृष्टीने आतल्या पानांवर गेली.

आता अबुकीर. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. पश्चिमेकडे निघालेले जे. आर. डी. तेथे उतरले तेव्हा त्यांना एक मॉथ विमान उभे दिसले, आणि त्याच्याजवळ एस्पी. विमान अडून पडले होते, कारण स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि एस्पीकडे सुटे प्लग नव्हते. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन असे एकूण आठ प्लग लागत. उष्ण प्रदेशात, वाळूत, तेलाच्या काजळीने ते खराब होणे नित्याचेच. एस्पी प्लग येण्याची वाट पाहत खोळंबला होता.

जे. आर. डीं.नी त्या मुलाला, इतक्या लांबच्या प्रवासाला सुटे प्लग न घेता निघालासच कसा, म्हणून झापले. आणि मग आपल्याजवळचे प्लग त्याला देऊन टाकले. दोघेही आपापल्या दिशांना उडाले : एक पूर्वेला, एक पश्चिमेला.

११ मे रोजी एस्पी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर उतरला. जे. आर. डी. तोवर युरोपात पोहोचले होते. १२ मेला त्यांनी क्रॉयडन गाठले. फरक तासांत मोजावा इतका थोडा. आणि मनमोहन सिंग? एकट्याने इंग्लंडहून भारतात विमान आणणारा पहिला भारतीय म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पण वाटेत मार्सेजवळ त्याला सक्तीने उतरावे लागले, त्यात दिवस गेले, आणि पोहोचेपर्यंत एका महिन्याची मुदत उलटून गेली होती. पारितोषिक एस्पी इंजिनिअरला मिळाले.

आता जरा हिशेब मांडू. एस्पी २५ एप्रिल ते ११ मे, म्हणजे सतरा दिवस वाटेवर होता. जे. आर. डी. ३ मे ते १२ मे, म्हणजे दहा दिवस. वेग हाच निकष असता तर टाटा सहज जिंकले असते. ते हरले ते एप्रिलच्या अखेरीस निघाले नाहीत म्हणून. प्लगांची गोष्ट आपल्याकडे ‘त्यागाची कथा’ म्हणून सांगितली जाते. जणू टाटांनी हातातला करंडक काढून दिला. मला ते वर्णन थोडे भडक वाटते. अबुकीरला एस्पीचे प्लग आज ना उद्या आलेच असते. प्रश्न फक्त किती दिवसांचा होता. मात्र हेही खरे की त्या क्षणी जे. आर. डीं.ना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते. प्रतिस्पर्धी जमिनीवर अडकला आहे, आणि आपण गप्प राहून निघून गेलो तर आपला लाभ आहे, एवढे मात्र त्यांना स्पष्ट दिसत होते. ते गप्प राहिले नाहीत. शर्यतीच्या निकालापेक्षा मला हा क्षण मोलाचा वाटतो. स्वतः जे. आर. डीं.नीही पुढे ही हकिगत सांगताना एस्पी जिंकला याचा आनंदच व्यक्त केला, कारण त्या विजयाने त्याला हवाई दलाचा दरवाजा उघडून दिला, असे त्यांना वाटे.

तो दरवाजा तोवर भारतीयांना बंदच होता, हे विसरू नये. भारतीय हवाई दलाची स्थापना झाली ८ ऑक्टोबर १९३२ रोजी. एस्पी इंग्लंडमधील क्रॅनवेलला प्रशिक्षणासाठी गेला आणि नव्या दलाच्या अगदी पहिल्या अधिकाऱ्यांत दाखल झाला. वायव्य सरहद्दीवरील कामगिरीबद्दल त्याला ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळाले. त्याचे भाऊही हवाई दलात गेले. १९६० च्या नोव्हेंबरात एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांचे अचानक निधन झाले, आणि १ डिसेंबर १९६० रोजी एस्पी इंजिनिअर हवाई दलप्रमुख झाले. १९६१ ची गोवामुक्ती आणि १९६२ चे चीनचे युद्ध, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत झाली.

हरलेल्या स्पर्धकाचे काय झाले, ते पाहण्यासाठी पुन्हा जुहूला यावे लागते. या शर्यतीचा शेवट कराचीला का होता? कारण इंग्लंडहून येणारे हवाई टपाल कराचीलाच संपत असे. तेथून मुंबई-मद्रासकडे पत्रे रेल्वेने, म्हणजे पुढे कित्येक दिवसांनी. ही दरी विमानाने भरून काढावी, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश वैमानिकाने मांडली आणि जे. आर. डीं.नी ती उचलून धरली. घरच्या वडीलधाऱ्यांचे मन वळवून दोन लाख रुपयांचे भांडवल मिळवले. दोन ‘पुस मॉथ’ विमाने आणली.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. पहाटे कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले. अहमदाबादला उतरले, तेथे विमानाचे इंधन डब्यांतून बैलगाडीने आणले गेले, हे दृश्य मला नेहमी मोहवते. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूच्या मातीवर टेकले. तेथून पुढचे टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतीय हवाई वाहतुकीचा आरंभ म्हणून आपण हा दिवस मानतो. आणि त्या ‘विमानतळा’वर काय होते? ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, मूठभर माणसे आणि दोन विमाने. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की सारा पसारा पुण्याला, येरवड्याला हलवावा लागे. तरीही १९३३-३४ च्या सरकारी अहवालात या सेवेच्या वक्तशीरपणाची नोंद शंभर टक्के अशी झाली. उपनगरी रेल्वेने प्रवास करणाऱ्या वाचकांनी या आकड्याकडे मत्सराने पाहावे.

युरोपातील शर्यतींचा ज्वर मात्र भारताच्या आकाशावरून पुन्हा एकदा जाणार होता. ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडच्या मिल्डनहॉलहून मेलबर्नपर्यंत ‘मॅक्‌रॉबर्टसन’ शर्यत झाली; सक्तीच्या टप्प्यांत अलाहाबाद होते. आपल्या कथेतील एमी जॉन्सन आता पती जिम मॉलिसनसह ‘डी हॅविलँड कॉमेट’ या द्रुतगती विमानात होती. कराचीपर्यंत दोघे आघाडीवर होते. पुढे रात्री वाट चुकले, जबलपूरला उतरले, आणि तेथे मिळालेले बससाठीचे साधे पेट्रोल त्यांनी विमानात भरले. ते इंजिनाला सोसले नाही. कसेबसे अलाहाबाद गाठले, आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. चार वर्षांपूर्वी चार सिलिंडरच्या मॉथने जे साधले ते या महागड्या यंत्राला साधले नाही. जिंकलेल्या जोडीने मात्र मेलबर्न अवघ्या ७१ तासांत गाठले! १९३० च्या मॉथचा काळ एवढ्यात जुना झाला होता.

जुहूचाही काळ जुना होत गेला. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेला सांताक्रूझचा मोठा तळ उभा राहिला, आणि युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे गेली. दोन विमानतळ इतके जवळजवळ की परदेशी वैमानिक गोंधळत. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट आणि सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे एक डीसी-८ सांताक्रूझ समजून चुकून जुहूलाच उतरले. कॉमेट काही दिवसांनी उडवून नेता आले. डीसी-८ धावपट्टी संपल्यावर पुढे घुसले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने दोन्ही वेळा कोणी दगावले नाही. जुहूतील जुन्या रहिवाशांकडून या हकिगती अजूनही ऐकायला मिळतात. फ्लाइंग क्लब अजून जुहूला आहे, पण प्रशिक्षणाची उड्डाणे धुळ्याला गेली.

तिसऱ्या स्पर्धकाविषयी सांगायचे राहिले. मनमोहन सिंग दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या राखीव तुकडीत अधिकारी म्हणून दाखल झाले आणि कॅटालिना जातीच्या समुद्रविमानांवर होते. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूम बंदरात जपानी लढाऊ विमानांनी पाण्यावर उभ्या असलेल्या समुद्रविमानांवर हल्ला चढवला. त्यात ते मारले गेले. पहिल्यांदा पोहोचूनही ज्याला पारितोषिक मिळाले नाही, त्याचा अंत घरापासून हजारो मैल दूर, परक्या किनाऱ्यावर झाला. त्यांच्या नावाचा फलक आपल्याकडे फारसा कुठे दिसत नाही.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानात बसले, अहमदाबादला थांबले आणि एकट्याने उडत जुहूला आले. ज्या मैदानावर त्रेपन्न वर्षांपूर्वी त्यांनी पहिला परवाना मिळवला होता, त्याच मैदानावर विमान उतरले, धावपट्टीवरून सावकाश पुढे आले आणि थांबले.